बी हाती आलं की जाते

माझ्या धाकट्याच्या बाळंतपणाला आई वाशीला आली ती सव्वा महिन्यासाठी. साल ऐंशीच्या आसपासचं. पत्र्याची एक ट्रंक, कापडी पिशवी आणि पदराच्या गाठीत बांधलेलं भोपळ्याचं बी, एवढंच सामान. सव्वा महिना झाला, बाळ पालथं पडायला लागलं, तरी ट्रंक आपली दारामागं उभी. ती उघडायची, पातळ काढायची, बंद करायची. कपाटातला एक खण मी तिला रिकामा करून दिला होता, त्यात तिनं एक चिंधीसुद्धा ठेवली नाही. "चार दिसांसाठी कशाला गो तुजं कपाट अडवू?" चार दिवस! मला वेड लागायचं तेवढं बाकी होतं.

आईनं लेकीच्या घरी राहायचं नसतं, हा कायदा कुणी केला ते देव जाणे, पण आमच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावात तो पक्का होता. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. मूल झाल्यावर पाणी चालतं, जेवण चालतं, पण मुक्काम? मुक्काम म्हटला की लोक विचारणार, का हो, मुलगा नाही का? होता ना. मला एकच भाऊ, पाठचा. मुंबईत चाळीतली एक खोली, त्यात तो, त्याची बायको आणि तीन पोरं. आई तिथं असली की गॅलरीत झोपायची, येणारा-जाणारा तिला ओलांडून जायचा. गावचं घर बाबांच्या मागं भाऊबंदांच्या वाटणीत गेलं, परसासकट. म्हणजे तिला जायला जागा एकच, आणि तिथं तिला जायचं नव्हतं. पण हे तिनं कुणी मान कापली तरी बोलून दाखवलं नसतं.

आणि माझं विचाराल तर सरळ सांगते, मला माझी आई हवी होती. दोन लहान पोरं, यजमान पावणे गावाकडच्या पट्ट्यातल्या कारखान्यात शिफ्टला, सासू-सासरे लग्नाआधीच गेलेले, आणि आजूबाजूची अर्धी घरं कुलपातली. नवं शहर म्हणायचे त्याला! रस्ते लांबरुंद, पण त्यावर बोलायला माणूस नाही. दुपारी वारा फिरला की कारखान्यांचा वास घरात, खिडकी लावली की उकाडा. दिवसभर मी नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरायची. "राहा ना गं आई," असं मी तिला किती वेळा म्हटलं असेल! ती हसायची, नाहीतर बाळाला उचलून बाहेर जायची. रोज सकाळी डोळा उघडला की माझी पहिली नजर दारामागं जायची, ट्रंक आहे ना तिथंच?

आमचं घर बैठं, तळमजल्याचं. मागं दोन साड्या वाळत घालता येतील एवढं अंगण आणि कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडं जुन्या गावाची गल्ली सुरू व्हायची. एका सकाळी पाहते तर आई अंगणात उकिडवी बसलेली, मातीची चिमूट जिभेवर. मी ओरडलेच. "अगं बाई, काय करतेस!"

"खारट हाय," ती म्हणाली आणि थुंकली. "मुरूम नि खारट माती. यात काय भोपळा व्हतोय?"

मी म्हटलं, भोपळा? कसला भोपळा? तेव्हा तिनं पदराची गाठ सोडून दाखवली. तिच्या सासूनं तिला परसात पहिल्यांदा लावायला दिलेला दुधी, त्याचं हे बी. दरवर्षी एक फळ वेलावर ठेवायचं, वाळवायचं, बी काढायचं, पावसाच्या तोंडावर पेरायचं. आता परस भाऊबंदांचं. त्या परसातला वेल त्यांनी उपटून तिथं पायखाना बांधला होता. "यंदा नाय पेरलं तर मेलं बी. जुनं झालंय. हे एवढं लावून देते, आनि मग जाते."

मग जाते! यजमान कामावरून आले तेव्हा मी त्यांना मागच्या खोलीत नेऊन सांगितलं. मी त्यांना 'अहो' म्हणते, तेव्हा इथंही 'हे' म्हणेन. हे बोलायला भारी मोजके. म्हणाले, "मग मांडव घालायला लागेल." दुसऱ्या दिवशी कारखान्यातून पॅकिंगच्या निळ्या पट्ट्यांचं भेंडोळं घेऊन आले, कुठून चार बांबू आणले, आणि सुट्टीच्या दिवशी अंगणभर मांडव बांधून दिला. आई दाराआडून बघत होती. जावयासमोर ती डोक्यावरून पदर घेऊन दाराआडच उभी राहायची आणि त्यांच्याशी बोलायचं असलं की माझ्यामार्फत. "सांग जावयबापूंना, त्या कोपऱ्यात गाठ ढिली हाय." ते तिथंच, दोन हातांवर! मी मेली मधल्यामध्ये पोस्टमन.

मातीसाठी आईनं भिंतीपलीकडं ओळख काढली. तिथं एक काकी राहायची, गावातलीच, आईच्याच वयाची. त्यांची शेतं नव्या शहरात गेली, पण घर, म्हशी आणि आवाज शाबूत होता. ती तिच्या बोलीत, आई आमच्या बोलीत, अर्धं कळायचं, अर्धं हातवाऱ्यांवर. काकीनं गोठ्यामागची काळी माती घमेल्यांनी भिंतीवरून दिली, शेण दिलं. "लावा बाय लावा, पानी सोरा भरपूर, खार निंगून जातंय," म्हणाली. आईनं आळं केलं, राख मिसळली, बी रात्रभर ओल्या फडक्यात ठेवून लावलं. त्यातलं बरंच कुजलं. तीन उगवली, दोन काकीच्या बकरीनं खाल्ली, एक राहिलं.

त्या एका वेलावर आमच्या घरानं जीव टाकला, खोटं नाही सांगत. मी तर दिवसातून दहादा बघायची. वेल वाढतोय म्हणजे आई आहे. आईचं उलटं. वेल मांडवावर चढला तशी तिची घालमेल वाढली. "एवढा चढला की जाते." चढला. "फूल बघते नि जाते." फुललाही. पण फळ धरेना! भोपळ्याचं फूल दिवेलागणीला उमलतं, पांढरंशुभ्र. छोटासा हिरवा भोपळा बुडाशी घेऊन उमलायचं, आणि दोन दिवसांत पिवळं पडून गळायचं. आई आळ्याशी बसून गळलेली फळं गोळा करायची आणि हातात धरून बघत राहायची. गावी म्हणे फुलाफुलावर पाखरं असायची. इथं त्या वासात पाखरू कुठून यायचं?

मग तिनं फूल लावायला सुरुवात केली. नराच्या फुलाला ती वांझ फूल म्हणायची, कारण त्याला फळ नसतं. दिवेलागणीला वांझ फूल खुडायचं, पाकळ्या मागं दुमडायच्या आणि त्यातली पिवळी पूड फळाच्या फुलावर हलकेच फिरवायची. पण वेल एकच. ज्या दिवशी फळाचं फूल उमलायचं त्या दिवशी नेमकं वांझ नसायचं. काकीचा वेल मात्र भिंतीवरून आमच्या मांडवावर उतरलेला, तस्साच हिरवा, तश्शीच पांढरी फुलं, आणि वांझ फुलांची नुसती लूट! आईनं भिंतीवरून विचारलं, चार फुलं घेऊ का? काकी म्हणाली, "घ्या की! फुलांला काय करताव, भाजी?" आणि खो-खो हसली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आई काकीच्या वेलाची फुलं खुडून आपल्या वेलाला लावायची. आणि धरली की फळं! एकामागून एक. कोवळा दुधी, नख लावलं तर दूध यावं असा. भाजी, कोशिंबीर, सालांची चटणी, सगळं केलं. शेजारीपाजारी वाटला. काकीला तर पहिला दिला. आईची एकच तक्रार. "ही भिंतीवाली बघ. हिच्या वेलाला येवढे भोपळे लागतात, पन एक हातावर ठेवत नाय. सगळे बियाला सोडते! येवढं बी काय करते देव जाने." खरंच, काकीच्या छपराला वाळलेले भोपळे ओळीनं टांगलेले असायचे. मी म्हटलं, अगं असेल त्यांची रीत. पण आईच्या मनात ते राहिलं. मी एवढं देते, ही एक देत नाही.

मुळाजवळचं एक चांगलं फळ आईनं बियाण्याला राखलं आणि देठाला लाल चिंधी बांधली. आता त्याला कुणी हात लावायचा नाही. दिवाळीला भाऊ आला. तिला न्यायलाच आला होता. तसा तो वाईट नव्हता हो. त्याला गाववाले तोंडावर विचारायचे, काय रे, आईला लेकीकडं टाकलंस का? कुणालाही झोंबेल. म्हणाला, "आई, चल आता. मी गॅलरीला पत्रा ठोकलाय."

आईनं मांडवाकडं बोट दाखवलं. "बियाचा भोपळा अजून हिरवा हाय बाबा. बी हाती आलं की येते."

भावानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. भोपळा वाळायला पौष उजाडतो, हे मला ठाऊक होतं.

आणि इथून माझे धंदे सुरू झाले. पाऊस संपला की वेल वाळायला लागतो, त्याबरोबर फळ वाळतं. मी काय करायची, आई दुपारी बाळाला घेऊन पडली की बादलीभर पाणी गुपचूप आळ्यात ओतायची. वेल हिरवा राहिला पाहिजे! कार्तिक संपला, मार्गशीर्ष लागला, वेल आपला हिरवा. आई रोज फळावर टिचकी मारायची, कान लावायची. "यंदा वाळत कसा नाय गो?" मी म्हणायची, "इथली हवाच दमट." ती माझ्या पायांकडं बघायची. माझ्या पायाला चिखल असायचा. ती टिचकी मारायची, मी पाणी घालायची, असं आमचं चाललं होतं.

पण फळ वाळलंच शेवटी. तिनं ते उतरवलं आणि धूर मिळावा म्हणून मागच्या मोरीत बंबावर टांगलं, कारण गॅसच्या स्वयंपाकघरात धूर कुठला? संक्रांतीनंतर एका सकाळी तिनं ते हलवलं तर आत बी खुळखुळ वाजलं. तिनं कोयत्यानं फोडून बी काढलं, राखेत घोळवलं, बरणीत भरलं. त्या दिवशी जेवण मला गेलं नाही. रात्री मी ह्यांना म्हटलं, "झालं. आता जाणार ती." हे म्हणाले, "बघू." बघू काय बघू! असा राग आला मला त्यांचा.

सकाळी आई म्हणाली, "आता बी हाय, पन ठेवनार कुठं? त्या चाळीत आळं कुठं करू, जिन्यात? इथंच लावून देते मिरगाला, आनि जाते."

मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले. हसू येत होतं की रडू, माझं मलाच कळेना.

असं करत दुसरं साल आलं. मिरगाला बी लागलं. या वेळी सगळं उगवलं, जोमदार. आईनं चार वेल ठेवले. मांडव झाकून गेला. फळं लागली, पण आई तोडू देईना. म्हणाली, "आपल्या बियाचं पहिलं फळ देवाला. गौरी येतायत ना, त्यांना खीर कर." आमच्या सासरच्या गौरी आमच्याकडेच बसायच्या. मी म्हटलं, बरं. देवाला म्हटल्यावर काय बोलणार?

गौरी पूजनाला मी भावालाही बोलावलं होतं, माहेरचं माणूस म्हणून. तो आला तो पिशवी घेऊन, रिकामी. माझं तिथंच बिनसलं. चहा पितापिताच तो म्हणाला, "ताई, या वेळी मी आईला घेऊनच जाणार. तू मध्ये पडू नकोस."

"मी कुठं मध्ये पडतेय? तिलाच विचार ना!"

"विचारायचं काय? दोन वर्षं भोपळा, भोपळा! भोपळा महत्त्वाचा की मुलगा?"

आई आतून म्हणाली, "आज सणाचं भांडू नका. गौरी बघतायत."

मी स्वयंपाकाला लागले. पुरण, वरण-भात, भाज्या, भजी आणि दुध्याची खीर. दुधी किसला, तुपात परतला, केंद्रावरून रांगेत उभं राहून आणलेलं दूध आटवून घातलं, साखर, वेलची. घरभर वास. मला स्वयंपाक करताना चाखायची सवय, चाखल्याशिवाय मला मीठ कळत नाही. मी पळी उचलली तर आईनं हात धरला. "नैवेद्याचं चाखायचं नाय. उष्टं होतं." मी पळी खाली ठेवली. नैवेद्य दाखवला, आरती झाली. पोरांना आधीच वरणभात भरवून निजवलं होतं. पहिल्या पंगतीला भाऊ आणि हे. आई दाराआड.

भावाला खीर लहानपणापासून प्रिय. त्यानं आधी वाटीच उचलली. एक मोठा घोट घेतला, आणि त्याचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं याला ठसका लागला. तो उठला आणि तडक मोरीकडं पळाला. थू थू आवाज. गुळण्या.

"काय झालं?" मी ओरडले. ह्यांच्याकडं बघितलं तर ह्यांची वाटी अर्धी रिकामी. कपाळावर घाम. शांतपणे पाण्याचा तांब्या तोंडाला लावत होते. मी त्यांची वाटी ओढली, बोट बुडवून जिभेवर लावलं. अगं आई गं! कडू म्हणजे किती कडू? कानामागपर्यंत गेलं. कडुनिंब परवडला.

"अहो, हे तुम्ही अर्धं खाल्लंत?"

"मला वाटलं," हे म्हणाले, "तुमच्याकडे अशीच करतात."

दुसरी वेळ असती तर मी हसून गडबडा लोळले असते. पण भाऊ मोरीतून आला होता, डोळे लाल. "हे? हे तुझं बी, आई? याच्यासाठी तू दोन वर्षं इथं बसलीस? गावात माझं तोंड काळं झालं ते याच्यासाठी? कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच! झाला ना आता भोपळा? संपला ना?"

"अरे, जेवणाच्या पानावर काय बोलतोस!" मी त्याच्या अंगावर गेले. "सणाचा आलास आणि..."

"तू गप्प बस ताई. तूच फूस लावलीस तिला."

आई दाराआडून कधी गेली ते आम्हाला कळलंच नाही. मागचं दार वाजलं तशी मी धावले. ती मांडवाखाली उभी होती. कोयतीनं तिनं एका वेलाचं कोवळं फळ कापलं, जीभ लावली, थुंकली. दुसऱ्या वेलाचं कापलं, थुंकली. तिसऱ्याचं, चौथ्याचं. मग भिंतीशी गेली आणि काकीला हाक मारली. काकी सणाचं नवं लुगडं नेसून पदराला हात पुसत आली.

आईनं विचारलं, "बाय, तुमचे भोपळे तुमी खाता का ओ?"

"खातंय कोन?" काकी म्हणाली. "कडू जहर हाय तो! पोरां खारीत पोवाया जातान, तवा वालवून कमरंला बांधतान. बुरत नाय मानूस. कं? काय झालं?"

आई छपराला टांगलेल्या त्या भोपळ्यांकडं बघत राहिली. पोहायला शिकणाऱ्या पोरांचे ते भोपळे. आमच्या गावी एकच जात, सगळ्यांच्या परसात तीच. फूल कुणाच्याही वेलाचं लावा, फळ गोडच यायचं. बिघडायला दुसरी जात होतीच कुठं? तिनं पहिल्या वर्षी फळं खाल्ली ती गोड होती, पण आत बी धरलं ते या पलीकडच्या फुलाचं. काकीला तरी काय माहीत? तिनं आपली फुलं दिली.

"माज्याच हातानं लावलं गो," आई म्हणाली. एवढंच. जुनं बी एकही उरलेलं नव्हतं, सगळं पहिल्याच वर्षी लावलेलं. तिच्या सासूपासून चालत आलेला भोपळा त्या मांडवाखाली संपला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी आपलं म्हटलं, "जाऊ दे गं, दुधी काय बाजारात मिळतो." किती मूर्खासारखं बोललं जातं अशा वेळी!

आम्ही घरात आलो. जेवणाची पानं तशीच पडलेली. भाऊ पिशवी काखेला मारून उभा होता, पण आवाज खाली आला होता. आईचा चेहरा बघून त्यालाही कसंतरी झालं असावं. "आई," तो म्हणाला, "चल. आता थांबून काय करणार? शेवटची बस आहे, तोवर निघू. तुझी ट्रंक मी घेतो."

मी आईकडं बघितलं. मला ओरडायचं होतं, जाऊ नकोस, राहा! पण ते तर मी दोन वर्षं म्हणत होते. त्याचा काय उपयोग झाला? भावानं ट्रंकेची कडी धरली. उचललीसुद्धा.

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. दाराआड गेली नाही. खोलीच्या मधोमध आली आणि ह्यांच्यासमोर उभी राहिली. हे कडवटपणा जावा म्हणून गुळाचा खडा चघळत होते, ते गडबडून उठलेच. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती, ती त्यांच्याशी समोरासमोर एक वाक्य कधी बोलली नव्हती.

"जावयबापू," ती म्हणाली, "आता बी नाय. वेल नाय. माज्याकडं काय निमित्त नाय ऱ्हायलं. तरी ऱ्हायले तर चालंल?"

ह्यांनी गूळ गिळला.

"मी कधी निमित्त मागितलं होतं, आई?"

आई! त्या दिवसापर्यंत ते तिला कशानंच हाक मारत नव्हते. भावानं ट्रंक खाली ठेवली. मग आईच्या पायाला हात लावला. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आत जाऊन त्याच्या रिकाम्या पिशवीत पुरणपोळ्यांचा डबा घातला, आणि तो एकटाच बस धरायला गेला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, रडूही फुटलं. पण त्याच्यामागून असा राग उसळला की ज्याचं नाव ते! दोन वर्षं मी जीव टांगणीला लावून बसले होते. शंभरदा राहा म्हटलं असेल, पायाला चिखल लागेपर्यंत पाणी घातलं. आणि ह्यांनी गूळ चघळत एक वाक्य टाकलं नि काम झालं? घर काय त्यांच्या एकट्याचं होतं? भांडी घासताना मी आईला विचारलंच. "मी एवढ्यांदा राहा म्हणत होते तेव्हा का गं नाही ऐकलंस? माझ्या शब्दाला काही किंमतच नाही का?"

आई शेजारी बसून भांडी विसळत होती. तिनं मान वर केली नाही.

"तू माजीच की गो," ती म्हणाली. "तू म्हनलीस काय नि मी म्हनले काय. आपलं आपनच कसं म्हनायचं, ऱ्हा म्हनून?"

खिरीचं पातेलं तेवढं घासायचं राहिलं होतं, ते मी पुढं ओढलं. त्या उत्तराचा मला तेव्हा फार राग आला होता. अजूनही येतो.